अंगावरून वारे जाण्याआधी नाडी चुकते



या पानावर एरवी कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, विजेचे बिल आणि बँकेचे व्याज यांचा हिशेब असतो. या खेपेलाही हिशेबच मांडतो आहे, पण तो मनगटातल्या नाडीचा आहे. वाचून कोणी म्हणेल, हा शेतकीचा पदवीधर डॉक्टर कधीपासून झाला? डॉक्टर झालेलो नाही. माती, बियाणे आणि बोंडअळी एवढेच मला कळते. पण आमच्या एका जुन्या सोबत्याच्या बाबतीत जे घडले त्यात माझाही वाटा आहे. तो लपवून पुढच्या मेळाव्यात माईकसमोर उभे राहणे मला जमणार नाही.

हे सोबती नांदगाव तालुक्यातले. वय एकोणसत्तर. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही नानाच म्हणतो. मुरमाड जमीन, थोडा कापूस, थोडी ज्वारी, विहिरीला दिवाळीपर्यंत पाणी. रास्ता रोकोत पुढे, तुरुंगात जायला पुढे आणि सभेत बोलायला उभे राहिले की मागच्या रांगेतली कुजबुज बंद. एका बैठकीहून रात्री परतताना ते म्हणाले, "भाऊ, छातीत मधूनच फडफड होते. पोत्यात कोंबडं घातल्यावर करतं ना, तशी." मी म्हणालो, "नाना, वांग्याची भाजी जरा जास्त झाली. पित्त असेल." दोघे हसलो आणि विषय संपला.

काही महिन्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी नानांच्या छातीची पट्टी काढली, म्हणजे ईसीजी. डॉक्टरांनी सांगितले, ठोके बेताल पडताहेत, गुठळी होऊ नये म्हणून रोज एक गोळी घ्यावी लागेल आणि दर महिन्याला रक्त तपासावे लागेल. नानांनी दोन महिने गोळी घेतली. तपासणीला जायचे म्हणजे एसटी, दिवसाची मजुरी आणि प्रयोगशाळेचे पैसे. त्यात कोणीतरी सांगितले, "हे तर उंदराचं औषध आहे." दुसऱ्या एका डॉक्टरांनी ती गोळी बंद करून ॲस्पिरिन लिहून दिली, "हीसुद्धा रक्त पातळच करते." स्वस्त, सोपे, तपासणी नाही. सगळ्यांना बरे वाटले. मलाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका सकाळी नानांच्या उजव्या हातातून चहाची बशी पडली. तोंड वाकडे झाले. बोलायला गेले तर शब्द फुटेना. घरच्यांनी ओळखले, अंगावरून वारे गेले. आधी तेल, मग मालीशवाला, मग कोणीतरी सांगितलेले कबुतराचे रक्त. दुसऱ्या दिवशी दवाखाना. नाना वाचले. काठी धरून अंगणापर्यंत येतात. उजवा हात गेला आणि वाचा गेली. ज्या माणसाच्या बोलण्याने हजाराची सभा शांत व्हायची, त्याला आता पाणी मागायचे तर बोट दाखवावे लागते.

खताची पिशवी हातात घेतली की ती अस्सल की बनावट हे मी सांगू शकतो. पण छाती फडफडते म्हणणाऱ्या मित्राचे मनगट मी एक मिनिट हातात धरले नाही. म्हणून हे लिहितो आहे.

ठोका चुकतो म्हणजे काय

लकवा अचानक येतो अशी आपली समजूत आहे. पुष्कळदा तो अचानक येत नाही. त्याची तयारी आधी दुसरीकडे झालेली असते, आणि ती जागा बऱ्याच वेळा हृदय असते.

विहिरीवरचा पंप तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळतो. हृदय हाही एक पंपच. त्याला वरचे दोन आणि खालचे दोन कप्पे. वरच्यांनी रक्त खाली ढकलायचे, खालच्यांनी ते फुप्फुसांत आणि अंगभर पाठवायचे. मध्ये झडपा, आपल्या फूट व्हॉल्व्हसारख्या. रक्त एकाच दिशेने जावे म्हणून. सगळे तालात चालले की ठोका एकसारखा पडतो, चांगल्या ऑइल इंजिनासारखा.

वय वाढते, रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहतो, झडप खराब होते, किंवा हृदयविकाराच्या झटक्याने पंप कमजोर होतो. दारूचीही यात भर पडते. मग वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. डॉक्टर याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, बोलताना 'ए.एफ.' एवढेच. थरथरणाऱ्या कप्प्यातले रक्त पुरते पुढे सरकत नाही. डाव्या वरच्या कप्प्याला एक लहानशी पिशवी असते, तिच्या कोपऱ्यात ते साचून राहते. साचलेल्या पाण्यावर शेवाळ धरते हे आपण जाणतो. साचलेल्या रक्ताची गुठळी होते. एखाद्या दिवशी ती सुटते, प्रवाहाबरोबर मेंदूकडे जाते आणि एखाद्या नळीत अडकते. पाटात ढेकूळ अडकल्यावर पुढचे वाफे कोरडे राहतात, तसा मेंदूचा तेवढा भाग रक्तावाचून मरतो. वाफ्याला दुसऱ्या दिवशी पाणी देता येते. मेंदूला दुसरा दिवस मिळत नाही.

सगळेच लकवे हृदयातून येतात असे कोणी समजू नये. सर्वांत मोठे कारण चढा रक्तदाब हेच आहे. काही लकवे मानेतल्या किंवा मेंदूतल्या नळ्या चोंदल्याने होतात, काही नळी फुटून रक्तस्राव झाल्याने. पण गुठळीमुळे होणाऱ्या लकव्यांपैकी साधारण चार-पाचांमागे एक हृदयातून सुटलेल्या गुठळीचा असतो, आणि हे झटके बहुधा मोठे असतात. मोठी गुठळी मोठी नळी बंद करते. माणूस जगला तरी बहुतेक वेळा दुसऱ्याच्या आधाराने जगतो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ पासून माणसांच्या हृदयाची नोंद ठेवली जाते. तिथल्या नोंदींवरून १९७८ साली दिसले की ठोका असा बेताल असला तर लकव्याचा धोका पाचपटीहून अधिक होतो, आणि त्याच्या जोडीला संधिवाती तापाने झडप खराब झालेली असेल तर सतरापट. १९९१ साली तिथलेच आणखी एक गणित आले. पन्नाशीतल्या माणसांत लकव्यांपैकी जेमतेम दीड टक्क्याचे खापर या बेताल ठोक्यावर फोडता येते. ऐंशीच्या घरातल्यांत तेच प्रमाण २३.५ टक्क्यांवर जाते. म्हणजे घरातले म्हातारे माणूस जितके वयाने मोठे, तितकी त्याची नाडी पाहणे गरजेचे.

हा श्रीमंतांचा रोग नाही

कोणी म्हणेल, हृदयरोग हा शहरातल्या, तूप खाऊन बसून राहणाऱ्यांचा. आम्ही उन्हात राबणारे, ज्वारी-बाजरीची भाकरी खाणारे. आम्हाला कसला हृदयरोग? मीही असेच समजत होतो. गडचिरोलीच्या आकड्यांनी माझे डोळे उघडले.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी उभ्या केलेल्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांत २०११ ते २०१३ अशी दोन वर्षे प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. लोकसंख्या सुमारे ९४ हजार. मेंदूरोगतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे यांनी ही पाहणी मांडली आणि ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू लकव्याने झाले होते. दर सातातला एक. महाराष्ट्राच्या सर्वांत मागास म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्यात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण साप नव्हे, मलेरिया नव्हे, क्षय नव्हे, तर लकवा निघाले. मेलेल्यांत जवळपास निम्म्या बाया होत्या. आणि शंभरातले ८७ जण घरीच वारले.

गडचिरोलीत भात पिकतो, आपल्याकडे कापूस आणि ज्वारी. पण माणूस तोच, कोरडवाहू, हातात पैसा नसलेला, दवाखाना लांब असलेला. नांदगाव, येवला, मालेगाव, सिन्नरच्या गावांत अशी मोजणी केली तर काय निघेल? ती झालेली माझ्या पाहण्यात नाही. पण प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या खाटा मोजाव्यात. माझ्या गावात मी मोजल्या. एका हाताची बोटे पुरली नाहीत.

आपल्या देशात आणखी एक गोष्ट वेगळी आहे. लहानपणी घसा दुखून ताप येतो, मग गुडघे, घोटे, कोपरे एकामागून एक सुजतात. घरात गर्दी असते, दवाखाना दूर असतो. गुडघे बरे होतात आणि सगळे विसरतात. पण त्या संधिवाती तापाने हृदयाची झडप धरलेली असते. वीस-तीस वर्षांत ती जाड होते आणि पुरती उघडत नाही. गंजलेला फूट व्हॉल्व्हच तो. भारतातल्या २४ केंद्रांवर ए.एफ. असलेल्या दीड हजार रुग्णांची नोंद केली गेली आणि २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना हा झडपेचा आजार होता, आणि त्यांचे सरासरी वय पंचावन्नच्या आसपास होते. पाश्चात्त्य देशांत हा म्हातारपणाचा आजार, आपल्याकडे तो कर्त्या वयातच सुरू होतो आणि म्हातारपणी हिशेब पुरा करतो. झडपेचा हा आजार बायांत अधिक आढळतो. चूल, निंदणी, वेचणी करताना जिला दम लागतो तिला आपण "अशक्तपणा आहे, शिरा खा" म्हणतो. तिची नाडी कोण पाहतो?

उंदराचे औषध आणि एका शेतकऱ्याची कहाणी

आता त्या गोळीविषयी. नानांना जे सांगितले गेले ते खोटे नव्हते. ते अर्धे होते. पूर्ण गोष्ट अशी आहे, आणि ती शेतकऱ्याचीच आहे.

१९२० च्या दशकात कॅनडात आणि उत्तर अमेरिकेच्या मैदानी भागात गुरे रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे कापली, खच्ची केले की रक्त थांबेना. पशुवैद्यांनी शोधून काढले की बुरशी धरलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाल्ल्याने हे होते. ओला चारा साठवला की काय होते ते आपल्याला सांगायला नको. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी बर्फाच्या वादळात गाडी हाकत विद्यापीठात पोहोचला. बरोबर मेलेली कालवड, डबाभर न गोठलेले रक्त आणि तोच चारा. रसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातले द्रव्य १९३९ साली वेगळे काढले. त्याच कुळातले वॉरफरिन १९४८ साली उंदीर मारायला बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांसाठी औषध म्हणून वापरात आले. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही ते दिले गेले.

तेव्हा 'उंदराचे औषध' म्हणून घाबरायचे कारण नाही. जपून वापरायचे कारण जरूर आहे. युरिया पिकाला पोसतो आणि जास्त पडला तर पीक जाळतो. म्हणून युरिया कोणी सोडून देत नाही, मात्रा सांभाळतो. इथेही मात्राच सांभाळायची. त्यासाठी रक्ताची एक तपासणी असते, आय.एन.आर. नावाची. बहुतेक रुग्णांत तो आकडा २ ते ३ च्या दरम्यान हवा. कमी झाला तर गुठळीची भीती, वाढला तर रक्तस्रावाची. आपल्याकडे वॉरफरिनऐवजी पुष्कळदा त्याच जातीचे ॲसिनोकुमरॉल लिहून देतात, नियम तेच.

आणि ॲस्पिरिन? नानांच्या बाबतीतली चूक तिथेच झाली. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ॲस्पिरिनचे काम मोठे आहे. डॉक्टरांनी दिली असेल तर बंद करू नये. पण वरच्या कप्प्यात साचलेल्या रक्ताच्या गुठळीवर तिचा जोर फारच कमी पडतो. अनेक चाचण्या एकत्र करून २००७ साली हिशेब मांडला गेला. वॉरफरिनने ए.एफ.मधले लकवे सुमारे ६४ टक्क्यांनी कमी होतात, ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी सुमारे २२ टक्क्यांनी. "म्हातारपणी कडक औषध नको, ॲस्पिरिन पुरे" असे म्हणणाऱ्यांना त्याच वर्षी इंग्लंडमधून उत्तर मिळाले. ७५ वर्षांवरच्या ९७३ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. मोठा लकवा, मेंदूतला रक्तस्राव किंवा अन्यत्र अडकलेली गुठळी यांचे प्रमाण ॲस्पिरिनच्या गटात वर्षाला ३.८ टक्के, वॉरफरिनच्या गटात १.८ टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी. मेंदूबाहेरच्या मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे.

आता अपिक्साबान, रिव्हरॉक्साबान, डॅबिगॅट्रान अशा नव्या गोळ्या आल्या आहेत. त्यांना आय.एन.आर. लागत नाही. पेटंटची मुदत संपल्यावर देशी कंपन्यांच्या गोळ्या निघाल्या आणि किंमत पुष्कळ उतरली. आपल्यासारख्या लांबच्या गावांना त्या सोयीच्या आहेत. पण सावध! संधिवाती तापाने झडप अरुंद झालेल्यांना आणि कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना त्या चालत नाहीत. झडपेच्या आजाराच्या साडेचार हजार रुग्णांवर २४ देशांत एक चाचणी झाली. २०२२ साली तिचा निकाल आला, आणि नव्या गोळीपेक्षा जुनी तपासणीवाली गोळीच सरस ठरली. मृत्यू तिच्यात कमी झाले. म्हणून कोणाला कोणती गोळी हे हृदयाची सोनोग्राफी पाहून डॉक्टरने ठरवायचे. शेजाऱ्याच्या गोळीत वाटेकरी व्हायचे नाही.

जुनी गोळी घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी घरच्या भाषेत सांगतो. मेथी, पालक, तांदुळजा, शेपू अशा हिरव्या पालेभाज्यांतले 'के' जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करते. भाजी सोडू नका, मात्रा सारखी ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात रोज भाजी आणि उन्हाळ्यात नुसता ठेचा, अशी तऱ्हा असते. ऋतू बदलला की रक्त तपासून घ्या. दुसरे, गुडघा-कंबर दुखली की दुकानातून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणून खाणे किंवा तसले इंजेक्शन टोचून घेणे बंद. त्याने रक्तस्राव होतो आणि रक्तदाबही चढतो. तिसरे, गावठी पुडी, झाडपाला किंवा कोणतेही नवे औषध सुरू करण्याआधी डॉक्टरला विचारा. चौथे, आपण होऊन गोळी बंद करू नका. शौचाला काळे झाले, लघवीत रक्त आले, डोक्याला मार लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हिशेब कोणाच्या माथी

आता आपल्या नेहमीच्या विषयाकडे येऊ, हिशेबाकडे. कापसाचा उत्पादनखर्च काढताना बैलाचा घसारा धरतात, अवजाराचा घसारा धरतात. शेतकऱ्याच्या शरीराचा घसारा कोणत्याच तक्त्यात नाही. नानांच्या घरी काय झाले ते पाहा. नाना कामातून गेले, हे एक. त्यांना उठवणे, बसवणे, धुणे, भरवणे यासाठी सून घरी बसली. दोन माणसांचे हात गेले. वेचणीला बाहेरची मजूर लावावी लागली. एक बैल विकला, मग दुसऱ्या एकट्याला ठेवून काय करायचे म्हणून तोही. सोसायटीचे कर्ज थकले. त्या सुनेला मी विचारले, "ताई, काही लागलं तर सांगा." ती म्हणाली, "भाऊ, झोप लागते हो." हा उत्पादनखर्च कोणत्या आयोगाने धरला आहे?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी आरोग्य योजना आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. रक्तदाब, मधुमेह, हृदयरोग आणि लकवा यांच्यासाठी २०१० पासून केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. पण योजनेची तऱ्हा पाहा. माणूस आडवा होऊन रुग्णालयात भरती झाला की पैसा मिळतो. आडवा होऊ नये म्हणून रोज लागणारी गोळी आणि महिन्याची तपासणी यांच्यासाठी त्याने स्वतःच्या खिशात हात घालायचा. पीक वाळल्यावर पंचनामा करायचा, पण वाळण्याआधी एक पाणी द्यायचे नाही, अशातला हा प्रकार.

आणि हे घडते कुठे? महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले ते आपल्या नाशकातच, म्हसरूळला. राज्यातल्या डॉक्टरांच्या पदव्या आपल्या जिल्ह्यातून निघतात. त्याच जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावातल्या म्हातारीला छातीची एक पट्टी काढायला किती कोस जावे लागते, हे एकदा तिथल्या विद्वानांनी एसटीत बसून पाहावे.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप घरातलाच असतो: "म्हातारपण आहे, चालायचंच." सत्तरीतल्या माणसाचे मरण कोणाला चुकले? खरे आहे. पण लकवा मरण देत नाही, पुष्कळदा अर्धे मरण देतो आणि उरलेले घरातल्या बाईच्या अंगावर टाकतो. तो टाळणे ही म्हाताऱ्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. घर वाचवण्याची गोष्ट आहे.

दुसरा: "गोळीने रक्तस्राव झाला तर?" होऊ शकतो, आणि तो धोका मी लपवणार नाही. पण गुठळीच्या धोक्याशी त्याची तुलना करूनच डॉक्टर ठरवतात. वय ६५ च्या पुढे, रक्तदाब, मधुमेह, कमजोर हृदय या प्रत्येकाचे गुण धरतात. वय ७५ च्या पुढे असेल किंवा आधी लकवा झाला असेल तर दुप्पट. गुण जास्त तितका गोळीचा फायदा जास्त. रक्तदाब काबूत ठेवला तर रक्तस्रावाचा धोकाही उतरतो.

तिसरा आक्षेप आपल्या चळवळीतला: "हे काम संघटनेचे नव्हे, दाम मिळाले की दवाखाना आपोआप परवडेल." दामाची लढाई सोडा असे मी म्हणतच नाही. पण ती लढणारी माणसे आता साठी-सत्तरीत आहेत. नानांसारखी एकेक वाचा बंद पडत गेली तर मेळाव्यात बोलणार कोण? आणि नाडी मोजायला दाम लागत नाही.

झटका आलाच तर

तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे. यांतले एकही अचानक झाले तर घड्याळ पाहा आणि वेळ लक्षात ठेवा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही सी.टी. स्कॅन करून रक्तस्राव नाही हे पाहिल्यावर. नांदगाव किंवा मालेगावहून नाशिक शंभर किलोमीटरच्या आसपास. त्यातला एक तास मालीशवाल्याकडे घालवला तर उरते काय? १०८ ला फोन करा आणि सी.टी. स्कॅन असलेल्या रुग्णालयातच न्या. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका; ठसका लागून जीव जातो, आणि रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिन विष ठरते. पाच-दहा मिनिटांत सगळे आपोआप बरे झाले तरी जा. तो इशारा असतो.

मेळाव्यासाठी ठराव

येत्या जिल्हा मेळाव्यात मी चार गोष्टी मांडणार आहे. त्यांवर गावोगाव आधी चर्चा करून या.

एक, जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात चालू स्थितीतले ईसीजी यंत्र आणि ते चालवणारे माणूस हवे. साठीच्या पुढच्या प्रत्येकाची नाडी आणि रक्तदाब वर्षातून एकदा तिथे पाहिला जावा.

दोन, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आय.एन.आर.ची तपासणी मोफत व्हावी, आणि ती आठवडे बाजाराच्या दिवशी. बाजाराला माणूस येतोच. वेगळी मजुरी बुडू नये.

तीन, गुठळी रोखणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्यांप्रमाणेच, सरकारी केंद्रातून महिनाभराच्या एकदम मिळाव्यात.

चार, शाळेतल्या मुलांचा दुखरा घसा आणि सुजलेले सांधे यांची तपासणी व्हावी. ज्यांना संधिवाती ताप येऊन गेला आहे त्यांना दर तीन-चार आठवड्यांचे पेनिसिलिनचे इंजेक्शन गावाजवळ मिळावे. आजच्या पोराची झडप वाचली तर उद्याचा म्हातारा वाचेल.

या मागण्या मंजूर व्हायला वेळ लागेल. मोर्चेही काढावे लागतील. पाचवी गोष्ट मात्र सरकारकडे मागायची नाही, आपणच करायची. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पाच मिनिटे शांत बसवा. अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या आतल्या अंगाला आपली तीन बोटे ठेवा. घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. एकसारखे पडताहेत का, एवढेच पाहायचे. एखादा ठोका कधीतरी चुकला तर घाबरू नका. पण ताल सापडतच नसेल, एक जोराचा, एक बारीक, एक लवकर, एक उशिरा असे चालले असेल, तर छातीची पट्टी काढून घ्या. हा बेतालपणा कधी येतो, कधी जातो. म्हणून दर महिन्याला, पौर्णिमेला म्हणा की एकादशीला, पुन्हा पाहा. नाडी बरी लागली तरी छाती फडफडत असेल, दम लागत असेल तर पट्टी काढाच. आणि सासूची नाडी पाहिली तशी सुनेचीही पाहा.

मेळाव्यात भाषणे सुरू होण्याआधी मी तुम्हा सर्वांना शेजाऱ्याचे मनगट एक मिनिट हातात धरायला सांगणार आहे. कोणी हसले तर हसू द्या. नाना त्या दिवशी पहिल्या रांगेत खुर्चीवर असतील. त्यांनी बोटाने खूण करून यायचे कबूल केले आहे. पहिले मनगट मी त्यांचेच धरणार आहे. दोन वर्षे उशिरा का होईना.